कोरा चेहरा

“हा कुठला रंग?” मी कार्ड दाखवलं.

“लाल,” शिवन्या म्हणाली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली. मी चेहरा कोराच ठेवला. अंगणवाडीतली मुलं पहिलीसाठी तयार आहेत का, हे आमचं विद्यापीठ तपासत होतं आणि उत्तर बरोबर की चूक ते मुलांना अजिबात कळू द्यायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती.

“आणि हा?”

“हिरवा. पानासारखा.” ती पुन्हा थांबली. मी पुन्हा दगड.

दहाव्या प्रश्नापर्यंत त्या साडेपाच वर्षांच्या पोरीला माझी काळजी वाटायला लागली. “हे मणी किती?” असं विचारलं, तर तिने माझंच बोट धरलं आणि एकेका मण्यावर टेकवत पाचापर्यंत नेलं. “आता तुम्ही म्हणा.” असं झालं तर काय करायचं, ते सरांनी सांगितलं नव्हतं. मी मुकाट्याने पाच मणी मोजून दाखवले.

“शाब्बास!” ती म्हणाली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

नवीन मूल आलं की मोठ्या मुलीने सांभाळायचं, ही त्या अंगणवाडीची पद्धत. खिचडीची वेळ झाल्यावर शिवन्याने मला हात धुवायला लावले, पट्टीवर आपल्या शेजारी बसवलं आणि वाढायला आलेल्या ताईंना हळूच सांगितलं, “ताई, यांना रंगसुद्धा येत नाहीत. एवढ्यात पहिलीत पाठवू नका हं. रडतील.”