मिस कॉलचा करार

साखराबाईनं आजही फोन कापला.

दुबईत लेकीच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बापूसाहेब हातातल्या मोबाइलकडे रागानं बघत राहिले. फोन कापला, म्हणजे उदगीरला सगळं ठीक होतं. तसं ठरलंच होतं. दुबईहून बोलायचं तर मिनिटाला शंभर रुपयांच्या वर जातील, असं रिचार्जवाल्यानं सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, साखराबाईनंच हा तोडगा काढला होता.

"रोज सकाळी रिंग द्या. मी कापला तर समदं ठीक हाय. उचलला तर कायतरी बिघडलं समजा. बोलायचं ते वापस आल्यावर बोलू."

गाय व्यायला झाली होती, तिला सोडून ती येणार नव्हती. म्हणून बापूसाहेब एकटेच आले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण बायकोचा आवाज कानावर पडला नाही असे इतके दिवस कधी गेले नव्हते. घरी तिची टकळी सुरू झाली की ते टीव्हीचा आवाज वाढवत. आता मात्र जीव कासावीस झाला होता.

व्हॉट्सॲपवरून बोलायची दुबईत सोय नव्हती. "माझ्या फोनवरून लावून देते की, आबा," लेक ऋतुजा रोज म्हणे.

"जावयाच्या पैशानं बायकोशी बोलू? काय इज्जत राहील माझी?"

तेराव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. जाऊ देत शंभर, जाऊ देत पाचशे! त्यांनी फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. सहा वेळा! बापूसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्यांनी मुलाला, सत्यमला लावला.

"आईला दे."

"आई कामात हाय, आबा. पैसे जाऊन राहिले तुमचे. ठेवतो."

मिनिटाचे पैसे गेले, आणि ऐकायला मिळाला पोराचा आवाज. उरलेले चार दिवस त्यांनी धुसफुसतच काढले.

हैदराबादहून रेल्वेनं ते उदगीरला उतरले. सत्यम न्यायला आला होता. वाटभर त्याला बोलायला वावच मिळाला नाही. बापूसाहेबच त्याच्या आईच्या नावानं बडबडत होते.

अंगणातूनच त्यांनी आवाज चढवला. "शंभर रुपयांपायी नवऱ्याचा फोन कापतीस? सहा डाव?"

साखराबाई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान खाली घातली. त्यांना आणखीच चेव चढला.

"आता तरी बोल की! आता कुठं पैसे लागून राहिले?"

तिचे ओठ एका बाजूला ओढले गेले. घशातून नुसता आवाज निघाला, शब्द निघाला नाही.

"तुमी गेल्यावर चौथ्याच दिवशी लकव्यानं वाचा गेली, आबा," सत्यम म्हणाला. "उचलला तर तुमी धावत वापस याल, या भ्यानं रोज डाव्या हातानं तीच कापायची."