तीनचा डोस

लोकेशला ताप येऊन तीन दिवस झाले, पण आजीच्या, म्हणजे दगुबाईच्या हातचं औषध तो दर वेळी थुंकायचा. मग दोंडाईच्याहून तिची विहीण प्रमिलाबाई आली. दुपारी पोरगा पेंगला की त्याला मांडीवर टेकवून तेच औषध ती थेंबही न सांडता पाजू लागली. सून आईचं कौतुक करून थकेना. दगुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"इहीणबाई, हाताला साखर लावून आल्या का?"

"साखर कशाची? झोपेची वेळ धरावी लागते."

दुसऱ्या दिवशी विहीण गच्चीवर कपडे काढायला गेली, तशी दगुबाईने संधी साधली. पेंगलेल्या नातवाला मांडीवर घेतलं, औषध पाजलं. पठ्ठ्याने मुकाट गिळलं! कधी एकदा सुनेला सांगते असं तिला झालं. तेवढ्यात विहीण खाली आली आणि तीन वाजले म्हणून बाटली हलवू लागली.

गप्प राहावं तर पोराच्या पोटात दुप्पट औषध जाणार, आणि बोलावं तर विहिणीपुढे चोरी उघडी पडणार.

"राहू द्या," दगुबाई फरशीकडे बघत म्हणाली. "मी पाजलं. तुम्ही नव्हत्या तेव्हा, चोरून."

प्रमिलाबाईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"जागा असला की तो तुमच्याशिवाय कोणाच्या मांडीवर बसत नाही, इहीणबाई. झोपेत तेवढा माझ्याजवळ यायचा."