पान वाढण्याआधी

दुपारच्या शांततेत काहीतरी चुरचुरलं. चौसष्ट साल होतं. मुंबईहून ह्यांनी आमच्या लेकीला, शेवंतीला, झगा पाठवला होता, तोही प्लास्टिकच्या पिशवीतून. तोंडवलीतल्या आमच्या घरातली ही पहिलीच पिशवी. शेवंतीने ती घाईने ओढली नि टर्रकन फाडली.

सासूबाईंचा नेम असा, की सामानाचं वेष्टन मार्गी लागल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही. गुळाचं पान गायीला, पुडीचा कागद चुलीत, दोरा गुंडाळून फळीवर.

पिशवी गायीने हुंगून सोडली. चुलीत घातली तर घाणीने सगळे अंगणात पळाले. अर्धी जळकी बाहेर काढावी लागली. माडाच्या बुंध्याशी पुरली, कोंबड्यांनी उकरली. शेवटी दर्यात सोडली, तर लाटेने माझ्याच पायांवर आणून टाकली.

"आवशी, आज तेवढा जेवया," मी सासूबाईंना हात जोडले.

"नेम तो नेम गो," म्हणत सासूबाई रिकाम्या पोटी उंबऱ्यावर बसून राहिल्या.

बांगड्याचं कालवण केव्हाच निवलं होतं. नव्या झग्यातल्या शेवंतीने माझा पदर ओढला.



"माका भूक लागली हा. आये, ही पिशवी कधी संपतली गो?"