बाईंच्या फोनला सगळं कळतं

सत्यशीलाबाईंनी फोनसमोर कडुलिंबाचा डहाळा धरला आणि फोन म्हणाला, "हे कडुलिंबाचं पान आहे." कालही हेच झालं होतं, तरी सहावीचा वर्ग पुन्हा खूश. मग पप्पूची चप्पल झाली, पाण्याचा माठ झाला, दारात येऊन उभी राहिलेली शेळीसुद्धा झाली. फोन एकदाही चुकला नाही.

"त्याला कसं कळतं?" बाईंनी विचारलं.

"त्याला डोळे हायेत," पप्पू म्हणाला.

"डोळे नाहीत आणि डोकंही नाही. तुम्ही लहान होता तेव्हा आईनं बोट दाखवून सांगितलं ना, ही शेळी, ही म्हैस? ह्याला तसे लाखो फोटो दाखवलेत, प्रत्येकाचं नाव सांगून. नवीन काही दिसलं की आधीच्या कशाशी जुळतंय ते बघायचं आणि अंदाज ठोकायचा, एवढंच त्याचं काम. कळत-बिळत काही नाही."

"आन कुणी त्याला नाव खोटं सांगितलं तर?"

मागच्या बसकरपट्टीवरनं आरोही विचारत होती. ही पोर सहसा तोंड उघडायची नाही, त्यामुळे बाईंना बरं वाटलं. त्या फोनला म्हणाल्या, "आता मी काहीही दाखवलं तरी तू बाभूळ म्हणायचं." पुन्हा तोच डहाळा धरला. "ही बाभूळ आहे," फोन छातीठोकपणे म्हणाला. पोरं हसून लोळली.

"बघा. शिकवणाराच खोटारडा असला तर शिकणारा काय करणार? तेव्हा फोन म्हणतो म्हणून खरं मानायचं नाही. लिहा वहीत."

पोरांनी लिहिलं. शाळा सुटली तशी भुर्रकन गेलीही. आरोही तेवढी थांबली. तिनं भूगोलाच्या पुस्तकातून एक गुळगुळीत काळा कागद काढला आणि बाईंपुढं धरला. सोनोग्राफीचा फोटो होता.

"आज्जीनं दिलाय. काल मी घरी सांगितलं, बाईंचा फोन फोटो बघून काय हाय ते सांगतो. तवा म्हणली, मग ह्यात काय हाय ते इचारून ये."

आरोहीच्या पाठीवर दोघी बहिणी. तिच्या आईला, मनिषाला, चौथा महिना सरत आलाय हे त्यांच्या कानावर होतंच.

"ह्यातलं फोनला काही कळत नाही. आणि असं विचारणं गुन्हा आहे. तुझ्या आज्जीला आत टाकतील आणि मलाही. ठेव ते दप्तरात."

आरोही जागची हलली नाही.

"गुरवारी गाडी येणार हाय, बाई. आईला नेणार हायेत. तिथं मशीन हाय, ते सांगतेत. पोरगी असली की तिथंच खाली करतेत. मागच्या टायमाला नेलतं तवा आई पंधरा दिवस उठली न्हाई. लई रगत गेलतं."

"पप्पा काही म्हणत नाहीत?"

"पप्पा रानात जातेत." तिनं ओठ चावला. "तुमी त्याला शिकवा की, बाई. पोरगा म्हणायला. फोन म्हणला तर आज्जी गाडी बोलवायची न्हाई."

"अगं, पण ते खोटं होईल."

"त्याला कळत न्हाई हे मला म्हाईत हाय. आज्जीला कुठं म्हाईत हाय?"

बाईंना भीती वाटली, खरीखुरी. तक्रार करावी, तर मागं एका नर्सबाईंनी केली होती. त्यांची बदली झाली आणि गाडी चालूच राहिली. अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईनं असला उद्योग करावा? पण पोर समोरून हलेना. उद्याचा दिवस गेला की गुरुवार होता. शेवटी बाईंनी दार लोटून घेतलं, फोनला शिकवलं आणि आज्जीला बोलवायला सांगितलं.

आज्जी, तुळजाबाई, हापशापाशीच थांबली होती. आत येऊन तिनं फोटो स्वतःच्या हातानं फोनपुढं धरला. "हा मुलगा आहे," फोन म्हणाला. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. फोनला हात जोडून ती म्हणाली, "लिंबागणेशच्या गणपतीला अकरा नारळ फोडते." आरोहीच्या तोंडावरनं हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.

गुरुवारी गाडी आली नाही. जन्माला आल्यावरचं पुढचं पुढं बघू, म्हणत बाई त्या रात्री शांत झोपल्या.

शुक्रवारी शाळेत आल्या तर व्हरांड्यात सहा बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात कॅरीबॅग, आणि आत तो काळा कागद. दोघी तर शेजारच्या वस्तीवरनं चालत आलेल्या. कडेला धनश्री होती, सात वर्षांपूर्वी ह्याच वर्गात बसलेली. तिची मान खाली. सगळ्यांच्या पुढं तुळजाबाई उभी राहून कोण आधी, कोण मागं ते लावून देत होती.

फोनचं खरं सांगून टाकावं, तर मनिषाला न्यायला गाडी परत येणार होती. बाई कशाबशा म्हणाल्या, "आजी, सगळ्यांना घरी पाठवा. सगळ्यांना मुलगेच होतील. चिंता करू नका."

तुळजाबाई हसली. समजूत काढावी तसा तिनं बाईंच्या दंडावर हात ठेवला.

"असं कसं हुईल, बाई? एवढं आमालाबी कळतं. सहा जणीत दोन-तीन पोरी निघणारच. त्याचं तुमी वाईट वाटून घेऊ नका. फोन म्हणल ते फक्त खरं सांगा."