हलका चाप

ओर्फाने रायफलीचा बोल्ट मागे ओढला, आत बोट घालून काडतूस नसल्याची खात्री केली, बोल्ट पुन्हा बंद केला आणि दस्ता रबरी चटईवर आपटला.

टक्.

टेबलाभोवतीचं हसणं थांबलं. आत काडतूस असतं तर गोळी सुटली असती.

शनिवारची सकाळ होती. नेमबाजी क्लबच्या पत्र्याखाली लांब टेबलावर आठ-दहा रायफली आडव्या मांडलेल्या. कुणी नवी दुर्बीण बसवली होती, कुणी अक्रोडाचा दस्ता स्वतः तासून आणला होता. सगळे एकमेकांच्या रायफली खांद्याला लावून बघत होते, नावं ठेवत होते. आणि ड्वेन आपला चाप मिरवत होता. चाप घासून हलके करणं हा त्याचा नाद. अर्ध्या क्लबच्या रायफली त्याच्या हाताखालून गेलेल्या. "बोट लावायचीही गरज नाही," तो सांगत होता. "मनात आणलं की सुटलीच."

तेवढ्यात ओर्फाने ती रायफल त्याच्या हातातून काढून घेतली होती. रेंजवरची शिस्त तिच्याकडे. साठी उलटलेली, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.

"ही इथे चालणार नाही," ती म्हणाली. "गाडीत ठेवून ये."

"अशी आपटल्यावर कुठलीही सुटेल!"

ओर्फाने शेजारी उभ्या असलेल्या गसची रायफल घेतली, रिकामी केली, तशीच आपटली. काही नाही. मग स्वतःची, दोनदा. काही नाही.

"तुम्हांला आता सगळ्याचीच भीती वाटायला लागलीय," ड्वेन म्हणाला. "घरी बसून स्वेटर विणा."

"माझी बघा," लेलंड म्हणाला.

त्याची रायफल अजून पेटीतच होती. "माझा चापही यानेच केलाय. उन्हाळ्यात."

सगळ्यांना ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी शिकारीला गेले असताना लेलंडच्या मुलीच्या, मारितच्या हातात हीच रायफल सुटली होती आणि झाडाला बांधलेल्या तिच्या घोडीच्या पोटात गोळी घुसली होती. एकोणीस वर्षांची पोर. "मी चापाला हात लावला नाही," ती परत परत सांगत होती. "नुसती खडकाला टेकवली. सेफ्टीचा खटका लावलेला होता." लेलंडने चारचौघांत तिला फाडून खाल्लं. बंदूक आपोआप सुटत नसते. चूक झाली तर झाली म्हण, खोटं बोलू नकोस. तडफडणाऱ्या घोडीला संपवायलाही त्याने तिलाच लावलं. दुसऱ्या दिवशी मारित बिलिंग्जला मावशीकडे निघून गेली.

ओर्फाने त्याची रायफल पेटीतून काढली, रिकामी असल्याचं बघितलं. "सेफ्टी लावतेय," ती मोठ्याने म्हणाली आणि सगळ्यांना दिसेल अशी लावली. या वेळी तिने आपटली नाही. नुसती चटईवर टेकवली, जराशी जोरात.

टक्.

लेलंडने ड्वेनची कॉलर धरून त्याला खांबाला भिडवलं.

"देताना एकदा तरी बघितली होतीस? अशी टेकवून? एकदा तरी?"

"सोड, लेलंड."

"बघितली होतीस का, सांग!"

"तूच म्हणालास ना, अजून हलका कर!" ड्वेन ओरडला. "पहिल्यांदा नीटच दिली होती. तू परत घेऊन आलास. म्हणे, अजून जड लागतोय. तुला गसपेक्षा हलका हवा होता!"

ते खरं होतं. आणि म्हणूनच लेलंडला त्याचं थोबाड फोडायचं होतं. त्याची मूठ वर गेली. गसने ती मागून पकडली.

"आधी पोरीला फोन कर," ओर्फा म्हणाली. "याला मग मार."

लेलंड फोन घेऊन गाड्यांच्या रांगेपर्यंत गेला. बऱ्याच वेळाने मारितने फोन उचलला.

"चूक ड्वेनची होती," तो एका दमात म्हणाला. "त्या नालायकाने चाप बिघडवून ठेवला होता. आत्ता सगळ्यांनी बघितलं. सेफ्टी लावूनसुद्धा सुटतेय! मी त्याला सोडणार नाही, मारित. क्लबातून हाकलून देतो. या गावात कुणी त्याच्या दारात बंदूक घेऊन जाणार नाही, असं करून ठेवतो, बघ तू."

तो तिच्या उत्तरासाठी थांबला.

"मारित?"

"मी सांगितलं होतं, बाबा."

"हो, पण तेव्हा मला..."

"मी सांगितलं तेव्हा ते खोटं होतं. बंदुकीने सांगितलं, तेव्हा खरं झालं?"

मागे ओर्फाची शिट्टी वाजली. ज्यांच्या रायफली तपासून झाल्या होत्या, त्यांना तिने जागा घ्यायला सांगितलं होतं. पहिली फैर झडली, लगेच दुसरी. लेलंडने एका कानावर तळहात दाबला, दुसऱ्यावर फोन.

"काय म्हणालीस? मारित, मोठ्याने बोल!"

बार सुरूच राहिले. ती अजून बोलतेय की तिने फोन ठेवलाय, त्याला काही कळेना.