यादीतल्या विहीणबाई

मुलीसाठी स्थळ आलं की महादेवराव इंगवले आधी जिल्हा पोलिसांची वेबसाइट उघडायचे. अटक झालेल्यांची यादी तिथं सगळ्यांसाठी खुली होती आणि तिच्या जोरावर त्यांनी दोन स्थळं परतवली होती. नलवड्यांचं स्थळ महादेवरावांच्या बायकोनं, मंगलताईंनी आणलं होतं. मुलगीही खूश होती, म्हणून ते जरा जास्तच कसून शोधत होते.

आडनाव टाइप केलं आणि ते खुर्चीतून उठलेच.

“मंगल, बघ! मुलाची आई! सुलोचना दिनकर नलवडे, वय त्रेपन्न. दारूच्या दुकानाला टाळं ठोकलं म्हणून अटक! वर ठाण्यातल्या फोटोतही हसतेय. अशा घरात मुलगी द्यायची?”

मंगलताईंनी हातातली मेथी खाली ठेवली. “फोटो जरा मोठा करा. त्यांच्या शेजारी कोण आहे?”

महादेवरावांनी फोटो मोठा केला. सुलोचनाबाईंच्या खांद्यावर हात टाकून त्यांची स्वतःची बायको उभी होती.

“तू तर त्या दिवशी बहिणीकडे गेली होतीस ना?”

“तीही आहे की, मागच्या रांगेत. पोलिसांच्या गाडीत तासभर बसून होतो, तेव्हाच सुलोचनाताईंनी मुलाचा विषय काढला.”

महादेवराव मटकन खाली बसले. “आणि हे त्यांच्या घरी कळलं तर?”

“त्यांनी हाच फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय,” मंगलताई म्हणाल्या. “सुपारी कधी फोडायची, तेवढंच विचारताहेत.”