पक्के टाके

“आता जन्मात पाय निघायचा नाही,” कुंपणाला टेकून उभा असलेला म्हातारा म्हणाला. मुलांची दुसरी तुकडी घोडे घेऊन ओढ्याकडे गेली होती. समोरच्या रिंगणात त्याची आठ वर्षांची नात, ठकी, घोड्यावर बसून पहिल्यांदाच एकटी दुडकत होती आणि म्हाताऱ्याचा ऊर नुसता भरून आला होता.

शेजारी उभ्या असलेल्या घोडेस्वारीच्या बाईंनी हसून मान डोलावली. मग त्यांचं हसू जागीच थांबलं. कसला पाय, कुठून निघायचा नाही, असं त्यांनी विचारलं.

रिकिबीतून, म्हातारा म्हणाला आणि मोठ्या हौसेनं सांगू लागला. मुलांच्या रिकिबीला बाहेरच्या बाजूनं लोखंड नसतंच, तिथं रबराचं एक कडं अडकवलेलं असतं. गेल्या रविवारी ठकी चढताना ते फटकन निसटलं आणि पोरगी पडता पडता वाचली. आता जन्मभर जोडे शिवलेल्या माणसाला असलं फुसकं काम बघवतं का? त्यानं खोगिरांच्या खोलीत बैठक मारली, रबर काढून फेकलं, त्या जागी दुहेरी चामडं घातलं, आत नायलॉनची पट्टी, वरून मेण लावलेल्या दोऱ्याचे बारीक टाके. शेवटी काळा रंगही दिला. शोभायला नको?

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. ते रबर निसटावं म्हणूनच तिथं असतं. मूल पडलं की कडं सुटतं, पाय मोकळा होतो आणि मूल जमिनीवर राहतं. नाहीतर घोडा त्याला फरपटत नेतो. रोज सकाळी बाई प्रत्येक मुलाच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बोट घालून तपासत, जाकिटाचे बंद ओढून बघत. कडं मात्र लांबून काळं दिसलं की झालं. आजही काळंच दिसलं होतं.

हे त्यांनी म्हाताऱ्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि कुंपणाखालून आत शिरल्या. म्हातारा हाक मारायला तोंड उघडणार, तोच त्यांनी मागे न बघता हात वर केला. ओरडायचं नाही, जनावर बुजतं. घोड्याचं नाव साधू, पण साधूबुवांचा तरी भरवसा किती धरायचा?

“ठकी, लगाम हळू ओढ. थांबव त्याला,” त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या.

ठकीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. एकच फेरी द्या, आता टाच खालीच ठेवते, अशी ती काकुळतीला आली. बाई चालत राहिल्या. वीस पावलं उरली, मग पंधरा. पळायची सोय नव्हती, हीच तर पंचाईत.

तेवढ्यात वाऱ्यानं खुराकाचं रिकामं पोतं उडालं आणि साधूच्या पायांत आलं.

घोडा उजवीकडे उसळला, ठकी डावीकडे गेली. पडली ती अगदी शिकवल्यासारखी, लगाम सोडून, अंग गोळा करून. पण डावा पाय वरच राहिला. रिकीब घोट्यापर्यंत चढली होती. साधू बिथरून पुढे निघाला आणि त्याच्या मागे ठकीचं हेल्मेट मातीवर आपटत, खरडत निघालं.

सहा-सात पावलं गेला असेल. बाईंनी लगामावर झडप घातली आणि तशाच लोंबकळल्या. घोडा थांबला, पण नुसता थरथरत होता, त्यामुळे त्यांना हात सोडता येईना. “आजोबा, पाय सोडवा. सावकाश. त्याला धक्का लागू देऊ नका.”

म्हातारा कुंपणाखालून आत आला आणि ठकीजवळ गुडघ्यांवर बसला. बूट आत पिरगळून अडकला होता, हलेना. त्यानं खिशातून चामडं कापायची रापी काढली आणि पट्टीवर चालवली, तर आतल्या नायलॉनवरून ती घसरली. टाकेच कापायला हवे होते. एका बाजूला नऊ, हे त्याला न मोजता माहीत होतं.

पहिला टाका तुटला. दुसऱ्याखाली त्यानं रापीचं टोक घातलं. साधूनं मागचा पाय उचलला आणि ठकीच्या डोक्याजवळ टेकवला.

“आजोबा, हलू का?” ठकीनं खालून विचारलं.

“अजिबात नको, माझे आई.”

उभ्या आयुष्यात त्याच्या टाक्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आज एक तरी कच्चा निघू दे, म्हणून तो मनात देवाची विनवणी करत होता आणि स्वतःला शिव्या घालत होता. एकही कच्चा निघाला नाही. नऊच्या नऊ कापावे लागले.

पाय खाली आला. घोटा सुजला होता, कोपर सोललं होतं, बाकी पोरगी धडधाकट होती. तिला आत्ता कुठे रडू फुटलं. बाईंनी घोडा खांबाला बांधला, तिची बोटं हलवून घेतली, मान चाचपली आणि मग तिच्याशेजारीच मातीत बसल्या. थोडक्यात निभावलं, त्या म्हणाल्या. चूक त्यांचीही होती, हात लावून बघायला हवं होतं. म्हाताऱ्यावर रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. रापी आत ठेवा, हात कापेल, एवढंच त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं रापी ठेवली नाही. तो नातीकडेही बघत नव्हता.

“बाई, दुसऱ्या तुकडीची मुलं घोडे घेऊन कुठवर गेली असतील?”

“ओढ्यापलीकडे असतील. का?”

“चामडं उरलं होतं,” तो म्हणाला आणि फाटकाकडे पळत सुटला.